मोटारसायकलच्या गुडघ्यातलं तेल

भोरचे नारायणराव वकील स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत, असं गावात म्हणत. ही निव्वळ अतिशयोक्ती. सावलीवर त्यांचा विश्वास होता. ती भर दुपारी कुठं जाते, एवढंच त्यांना एकदा विचारायचं होतं. दूधवाला दुधात पाणी घालतो, हे सगळ्या भोराला ठाऊक होतं आणि सगळं भोर ते मुकाट पीत होतं. नारायणराव मात्र पाणी नीरेचं की विहिरीचं, याची दारात उलटतपासणी घेत आणि तेवढ्यात दूध नासत असे.

अशा माणसानं दुसरं महायुद्ध संपल्यावर पुण्याच्या कुणा व्यापाऱ्याकडून लष्करानं टाकलेली मोटारसायकल घ्यावी, हे नवलच. पण नाइलाज होता. भोर संस्थानात, वेल्हे खालशात म्हणजे इंग्रजी मुलखात, आणि वकिलांची निम्मी कामं वेल्ह्याच्या महालकऱ्यांपुढं. मधली सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, तीही नसरापूरपर्यंत. चढ लागला की ड्रायव्हर उतारूंना खाली उतरवून "जरा हात लावा" म्हणायचा. घामानं निथळणारा वकील कितीही कायद्याचं बोलला तरी हाकिमाला तो हमालच वाटतो.

आता या सोमवारी वेल्ह्याला पासलीच्या बाळाबाईचं काम होतं. बाळाबाई विधवा. शेजाऱ्यानं भाताच्या खाचराचा बांध सरकवून तिच्या निम्म्या खाचरात नांगर घातला होता. कागद म्हणावा असा तिच्याकडं काही नव्हता. होता तो एक साक्षीदार, तिचा थोरला भाऊ रखमाजी, हिर्डोशीचा. मूळ बांध घालताना तो स्वतः चिखलात उभा होता. त्याची साक्ष उभी राहिली तर खाचर राहिलं, नाही तर गेलं, इतकं ते सरळ होतं. रखमाजी शुक्रवारीच हिर्डोशीहून चालत येऊन वकिलांच्या ओटीवर मुक्कामाला होता. सोमवारी वकिलांच्या मागं बसून जायचं, असं ठरलं होतं, आणि त्या विचारानं त्याला जेवण जात नव्हतं.

सगळं सुरळीत होतं. पण शेजारी आनंदराव होते.

आनंदरावांचं आयुष्य संस्थानच्या हिशेब कचेरीत गेलं होतं आणि पेन्शनीत निघाल्यापासून ते लोकांचे हिशेब तपासत. शुक्रवारी संध्याकाळी नारायणराव गाडीवरून घरी आले तेव्हा आनंदराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"नारायणराव, पुढून खाड्‌खाड् वाजतंय हो."

"रस्ता वाईट आहे."

"रस्ता काल पण वाईट होता," आनंदराव म्हणाले. "पुढच्या त्या नळ्यांत तेल असतं म्हणे. व्यापाऱ्यानं काढून तर नाही ना घेतलंन? हल्ली तेलाचे भाव बघता... माझं आपलं काही म्हणणं नाही."

ज्या माणसाचं काही म्हणणं नसतं त्याच्यापासून फार जपावं. नारायणरावांना त्या रात्री झोप लागली नाही.

गाडीबरोबर मिळालेलं साहेबी पुस्तक त्यांनी पहाटेच उघडलं. आनंदराव खरं बोलत होते. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ज्या दोन जाड नळ्या होत्या त्यांत स्प्रिंगा होत्या आणि तेल होतं. खड्डा आला की नळीत नळी शिरते आणि तेल धक्का गिळतं. हे तेल वेळोवेळी बदलावं, असं पुस्तक सांगत होतं. बदलण्यासाठी मिस्त्री गाठावा असंही सांगत होतं, पण ते वाक्य मिस्त्र्यानंच लिहिलं असणार, याबद्दल वकिलांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी धोतराचा काचा मारला, पाना घेतला आणि अंगणात उकिडवे बसले.

"ह्ये काय म्हनायचं?" रखमाजीनं नळ्यांकडं बोट करून विचारलं.

"हे गाडीचे गुडघे समजा," नारायणराव म्हणाले. अशिलाला समजेल अशा भाषेत सांगण्याचा त्यांना अभिमान होता. "यांत तेल असतं म्हणून गाडी डोंगर चढते."

रखमाजीला ते एकदम पटलं. उभ्या आयुष्यात तो वरंधा घाट किती वेळा चढला-उतरला असेल. गुडघ्यातलं तेल संपलं की माणूस संपला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. "लई गुनाचं त्याल आसनार," तो म्हणाला.

नळीच्या तळाचा स्क्रू काढला. काळंकुट्ट तेल निघालं. उजव्या नळीतनं आमटीची वाटी काठोकाठ भरली. डाव्या नळीतनं दुसरी वाटी जेमतेम अर्धी. नारायणराव उठून उभे राहिले. अंगण डाव्या अंगाला उतरतं होतं, नळी गळकी असू शकत होती, पंधरा कारणं असू शकत होती. वकिलांना एकच दिसलं. व्यापाऱ्यानं अर्धं तेल चोरलं होतं.

त्यांनी तिथल्या तिथं पंचनामा केला. पंच म्हणून आनंदराव आणि रखमाजी. दोन्ही वाट्यांतलं तेल एका काढ्याच्या बाटलीत भरलं, बूच लावलं, त्यावर सहीचा कागद ठेवून दोरा गुंडाळला आणि मुद्देमाल म्हणून बाटली ओटीच्या कोनाड्यात ठेवली. आपल्या आमटीच्या वाट्यांचं काय करायचं, असं त्यांच्या पत्नीनं, सौदामिनीबाईंनी, विचारलं. त्याही जप्त आहेत, असं उत्तर मिळालं.

एवढ्यावर भागलं असतं. पण स्क्रूच्या मुळाशी एकेक चिमुकलं पुठ्ठ्यासारखं कडं निघालं. नारायणरावांनी ते उन्हात धरून बघितलं. लोखंडाच्या गाडीत पुठ्ठा? ही तर उघड लबाडी. पितळेचं कडं काढून घेऊन त्या जागी पुठ्ठा ठोकला होता. त्यांनी दोन्ही कडी केरात फेकली. तेल बाहेर येऊ नये म्हणूनच ती तिथं असतात, हे पुढच्या पानावर छापलेलं होतं. पण पुस्तकही त्याच व्यापाऱ्याकडून आलं होतं.

मग नवं तेल कोणतं, हा प्रश्न आला. पुस्तकातलं तेल पुण्याखेरीज मिळण्यासारखं नव्हतं. पेठेत जाऊन मिळेल ते आणावं म्हणून नारायणराव किटली घेऊन निघाले, तर सौदामिनीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"शनिवारी तेल विकत आणून साडेसाती घरात घ्यायची आहे? मी आणू देणार नाही."

"अगं, हे खायचं तेल नव्हे. मोटारसायकलच्या पोटात जायचं आहे."

"मोटारसायकल माझ्याच अंगणात उभी आहे ना?"

नारायणरावांनी किटली खाली ठेवली. घरातलं गोडं तेल तर आधीच तळाला गेलं होतं. कंट्रोलच्या दुकानातलं मिळायचं ते सोमवारी. मारुतीला वाहिलेलं तेल आणावं, ते विकत घेतलं असं होत नाही, असा तोडगा आनंदरावांनी काढला. पण पुजारी त्यात काय मिसळतो, याचा वकिलांना भरवसा नव्हता. शेवटी एरंडेल आठवलं. वर्षातून दोनदा सगळ्या घरानं नाक दाबून एरंडेल घ्यायचं, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता आणि त्यासाठी फडताळात मोठी बाटली भरलेली असे. एरंडेल दाट असतं, चिकट असतं, आणि मुख्य म्हणजे ते कुणी चोरत नाही. रखमाजीनं हँडल धरलं, वकिलांनी तळाचे स्क्रू कड्यांशिवायच परत पिळले, वरून नरसाळं लावलं आणि सगळी बाटली दोन्ही नळ्यांत रिकामी केली.

"गाडीला जुलाब होतील हो," आनंदराव म्हणाले, आणि आपलं म्हणणं काही नसल्याचं पुन्हा एकदा सांगून जेवायला गेले.

दिवसभर उकिडवं बसून नारायणरावांचे गुडघे धरले. दिवेलागणीला ते भिंतीला धरून माजघरात आले आणि पाटावर बसताना जे ओरडले ते आनंदरावांच्या घरात ऐकू गेलं. "तेल चोळ," ते म्हणाले. सौदामिनीबाईंनी गोड्या तेलाचं भांडं तिरपं करून दाखवलं. थेंब नव्हता. एरंडेल मोटारसायकल पिऊन बसली होती आणि शनिवार अजून सरला नव्हता. "कुठलं पण लाव," वकील कळवळले, "पण लाव." मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि डोळे मिटले.

घरात तेल एकच होतं. सकाळी रखमाजी ते लई गुणाचं असल्याचं बोललाही होता. सौदामिनीबाई ओटीवर गेल्या, कोनाड्यातली बाटली आणली, नवऱ्याचे दोन्ही गुडघे भरपूर चोळले, आणि बूच लावून कागद-दोरा होता तसा नीट बांधून ठेवला. वकिलांना आराम वाटला. हातात गुण असावा तर असा, असं ते चक्क म्हणाले, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन असं काही ऐकायची सवय नसल्यानं सौदामिनीबाई खुलासा करायचं विसरल्या.

रविवारी सकाळी नारायणराव मुद्देमाल बघायला गेले. बाटलीतलं निम्मं तेल गायब होतं.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. थोर वकील आधी पुरावा बघतो. दोरा त्यांनी साध्या गाठीनं बांधला होता. आता गाठ वेगळी होती. दोन वेढे, मध्ये आड, टोक आत खोचलेलं. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अशी गाठ शहरातला माणूस घालत नाही. ही रानातली गाठ, मोळी बांधणाऱ्याची. सौदामिनीबाई वर्षानुवर्षं लोणच्याच्या बरणीचा दादरा याच गाठीनं बांधत आल्या होत्या, पण नारायणरावांनी आजवर फक्त लोणचं बघितलं होतं.

"अहो, ऐका ना, ते तेल—" सौदामिनीबाईंनी तोंड उघडलं.

"तू मध्ये बोलू नकोस. हा कायद्याचा मामला आहे."

ते अंगणात आले. रखमाजी राखुंडीनं दात घासत होता. आनंदराव वाऱ्यासारखे ओट्यावर हजर झाले. गल्लीतल्या दोन-चार खिडक्या उघडल्या. एरवी अशिलांना तुम्ही म्हणणारे नारायणराव त्या दिवशी एकदम अरेतुरेवर आले.

"रखमाजी, बाटलीला हात तू लावलास."

"न्हाई."

"तेल लई गुणाचं आहे, असं कोण म्हणालं?"

"म्या म्हनलो."

"ते बाटलीत भरलं तेव्हा हजर कोण? ओटीवर झोपलं कोण?"

"म्याच झोपलो."

"अहो, जरा इकडं येता का?" दारातून सौदामिनीबाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली.

"मध्ये बोलू नकोस म्हणून सांगितलं ना. ही गाठ बघ, रखमाजी. मोळीची गाठ आहे. आता कबूल हो."

रखमाजीनं गाठ बघितली. मग बराच वेळ वकिलांकडं बघितलं. चूळ भरली, ओटीवरची घोंगडी उचलून खांद्यावर टाकली.

"वकीलसाब, आमच्या घराच्या दाराला कडी न्हाई. लावावी आसं कदी वाटलंच न्हाई," तो म्हणाला. "म्या जातो. वेल्ह्याला यायचं का न्हाई त्ये माजं म्या बघंन."

आणि तो गेलासुद्धा. आनंदराव तेवढ्यात पायांत वहाणा घालत होते. त्यांना नसरापूरच्या मोटारीत मुद्दाम काही काम निघालं होतं. आनंदरावांना कळलेली गोष्ट आणि दवंडी यांत फरक फक्त हलगीचा.

नारायणराव फिर्याद द्यायला तडक चौकीवर गेले. हवालदार मानसिंग यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तेल कुठलं?"

"गाडीतलं."

"गाडी कुठली?"

"पुण्याहून आणलेली."

"म्हणजे तेल खालशातून संस्थानात आलं. जकातीच्या नाक्यावर दाखवलं होतं?"

"नाक्यावर काय दाखवायचं? ते गाडीच्या पायात होतं."

"म्हणजे लपवून आणलं," मानसिंग म्हणाले आणि टाक उचलला. "वकीलसाहेब, आरोपी म्हणून आधी कुणाचं नाव घालू?"

फिर्याद जागच्या जागी मागं घेऊन नारायणराव घरी आले ते चरफडत. आंघोळीला बसले. पाणी घेतलं, शिकेकाई लावली, पुन्हा लावली. दोन्ही गुडघे तव्याच्या बुडासारखे काळे ते काळेच. त्यांनी वाकून वास घेतला. मग न्हाणीतून अतिशय बारीक आवाजात हाक मारली.

"अगं, काल तू काय चोळलंस?"

"तेच सांगत होते," सौदामिनीबाई दाराआडून म्हणाल्या. "दोनदा सांगायला आले."

न्हाणीत तिसऱ्यांदा शिकेकाई घासल्याचा आवाज आला.

नारायणरावांना आयुष्यात पहिल्यांदा मनापासून लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग भीती आली. म्हातारा आता कशाला येतो साक्षीला? आपल्या एका गाठीपायी बाळाबाईचं खाचर गेलं. त्यांनी गल्लीभर शोधलं, बाजार पालथा घातला, वेशीपर्यंत जाऊन आले. रखमाजी डोंगराच्या वाटेला कधीच लागला होता.

सोमवारी भल्या सकाळी त्यांनी मोटारसायकल काढली. कापूरव्होळपर्यंत ती अशी मऊ चालली की नारायणरावांना एरंडेलाबद्दल आदर वाटू लागला. पुढं मात्र ज्या भोकांतली पुठ्ठ्याची कडी त्यांनी केरात टाकली होती तिथनं धार लागली. चाक फिरत होतं, वारा समोरून होता, आणि एरंडेल आधी पायावर, मग धोतरावर, मग कोटावर, चष्म्यावर आणि मिशीवर येत होतं. त्यावर नसरापूरच्या पुढची सगळी धूळ बसत गेली. एका वळणावर बैलगाडीवाला खोळंबून बघत राहिला आणि म्हणाला, "सायेब, गाडीला हगवन लागलीया तुमच्या." नारायणराव थांबले नाहीत. थांबता येतच नव्हतं. ब्रेकसुद्धा एरंडेलात न्हाला होता. नळ्या रिकाम्या झाल्यावर प्रत्येक खड्डा थेट त्यांच्या दातांपर्यंत पोचू लागला.

वेल्ह्याच्या कचेरीसमोर ते एका गवताच्या गंजीला धडकून थांबले. काम सुरू झालं होतं. शिपायानं दारात अडवलं, घिसाडी मागच्या दारानं जातात असं सांगितलं, आणि काळा कोट ओळखू येईना तेव्हा गळ्यातला वकिली बँड चाचपून बघितला. आत पाऊल टाकलं आणि नारायणरावांच्या जिवात जीव आला. रखमाजी साक्षीला उभा होता. कोपऱ्यात जमिनीवर बाळाबाई पदर घट्ट धरून बसली होती.

पण पुण्याहून आणलेले समोरचे वकील उलटतपासणीला उठले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. आनंदराव नसरापूरच्या मोटारीत नेमके त्यांच्या कारकुनाशेजारी बसले होते.

"रखमाजी, काल भोरात तुमच्यावर चोरीचा आळ आला, खरं?"

"व्हय."

"कुणी घातला?"

रखमाजीनं दाराकडं बघितलं आणि मान खाली घातली. "आमच्याच वकीलसाहेबांनी."

"झालं, साहेब," पुण्याचे वकील महालकऱ्यांकडं वळले. "ज्याला त्याचा स्वतःचा वकील चोर म्हणतो, त्याच्या शब्दावर आपण बांध ठरवायचा?"

महालकऱ्यांनी नारायणरावांकडं बघितलं. हा माणूस कोण, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. नारायणरावांना हरकती पुष्कळ सुचत होत्या. प्रश्न गैरलागू आहे, पुरावा ऐकीव आहे, तेल खालशातलं आहे. त्यातली कुठलीही घेतली असती तरी त्यांची अब्रू राहिली असती. त्यांनी एकदा बाळाबाईकडं बघितलं. तिला कायदा कळत नव्हता, पण आपलं खाचर चाललंय हे कळलं होतं.

"साहेब," नारायणराव पुढं होत म्हणाले, "त्या चोरीचा मुद्देमाल मी बरोबर आणला आहे."

आणि भर कचेरीत त्यांनी धोतर गुडघ्यांच्या वर केलं.

"हे ते तेल. माझ्याच घरात, माझ्याच सांगण्यावरून, माझ्याच गुडघ्यांना चोळलेलं. या माणसानं बाटलीला बोटसुद्धा लावलं नाही. मी न विचारता, न बघता, चार खिडक्यांदेखत त्याला चोर म्हटलं. चूक माझी आहे. त्याची साक्ष खोटी ठरवायची असेल तर आधी माझे गुडघे खोटे ठरवा."

पहिल्यांदा शिपाई हसला, मग पक्षकार, मग खुद्द पुण्याचे वकील. नारायणराव मेल्याहून मेले, पण त्यांनी धोतर खाली सोडलं नाही. कारकुनानं टाक दौतीत बुडवून विचारलं, "साहेब, हे नोंदवायचं कसं?"

"वकिलांचे गुडघे, दोन्ही, पाहिले," महालकरी गंभीरपणे म्हणाले. "साक्षीदाराविषयी संशय राहिलेला नाही. चला पुढं."

रखमाजीनं बांध कुठं होता ते पुन्हा सांगितलं, कुणी दगड वाहिले ते सांगितलं, आणि समोरच्यानं कितीही उलटंसुलटं विचारलं तरी तो बांध तसूभर हलला नाही. दुपारी खाचर बाळाबाईच्या वहिवाटीचं ठरलं. ती उठली, भावाच्या पाया पडली आणि वकिलांकडं खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली, "दादा, ह्येच व्हय आपलं वकील? म्या म्हनलं, भट्टीवरचं कुनी आलंय." मग त्यांच्याही पाया पडली, जरा लांबूनच.

परतीला मोटारसायकल ढकलत न्यावी लागली. ब्रेकाचा भरवसा नव्हता आणि उतार होता. रखमाजीही त्याच वाटेनं निघाला होता. तो चार पावलं मागं राहून चालत होता.

"रखमाजी, तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं," नारायणराव शेवटी म्हणाले.

"भैनीचं खाचर हाय. तुमचं आसतं तर आलो नसतो," रखमाजी म्हणाला, आणि गाडीला मागनं हात लावला.

ओढ्याशी आल्यावर नारायणरावांचा घसा कोरडा पडला. गाडी दुसऱ्याच्या हाती सोडून जाणं हा प्रकार त्यांनी आजवर केला नव्हता. त्यांनी हँडल रखमाजीच्या हातात दिलं, "धरा" म्हणाले, आणि मुद्दाम पाठ करून खाली उतरले. मागं वळून बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मानेला ते फार जड गेलं, तरी पहिली ओंजळ पिईपर्यंत निभावलं. मग त्यांनी हळूच बघितलं. रखमाजी दोन्ही हातांनी गाडी धरून, पापणी न हलवता, त्यांच्याकडंच बघत होता.

"काय झालं? असे काय बघताय?"

"काय न्हाई," रखमाजी म्हणाला. "ध्यान ठिवून हाय. ह्ये धूड माज्या गळ्यात घालून तुमी तिकडनंच नसरापूर गाठताय का काय, म्हनलं."

नारायणरावांनी दुसरी ओंजळ तशीच सोडून दिली आणि मुकाट्यानं वर येऊन हँडल धरलं. संशय अगदीच निराधार होता, असं त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं.